पंचवटी एक्स्प्रेस आणि मुंबईची नोकरी सोडलीत ती बाबांसाठीच ना?

लग्नात, दशक्रियेला, दुर्गा उद्यानाबाहेर, कुठंही कुणी भेटलं की हा प्रश्न येतो. विचारणाऱ्याकडे उत्तर तयार असतं, मी फक्त मान डोलवायची. मग ते म्हणतात, मुलगा असावा तर असा. हे मला आता ऐकवत नाही. तुम्ही मनापासून विचारता हे कळतं, म्हणून एकदा नीट सांगतो.

पंचवटी एक्स्प्रेसनं रोज मुंबई म्हणजे काय, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. 1975पासून ही गाडी आपल्यातल्या किती जणांची घरं चालवतेय. माझंही चालवलं. नाशिकरोडला सातच्या सुमारास गाडी, फोर्टमधल्या ऑफिसात अकरा, सव्वासहाला परतीची गाडी, जेलरोडला घरी येईस्तोवर दहा. मुंबईत घर परवडणारं नव्हतं, नाशकात तेवढा पगार मिळत नव्हता आणि पासाचे पैसे दोन्हींच्या मानानं किरकोळ होते. हा हिशेब मी पंधरा जणांना पटवून दिलाय आणि आजही तो चुकीचा आहे असं मला दाखवता येत नाही. फ्लॅटचे हप्ते त्याच पगारातून गेले. आता कुणी म्हणालं की इतकी वर्षं वाया घालवलीत, तर मी त्या जुन्या माणसाच्या, म्हणजे तेव्हाच्या माझ्याच, बाजूनं भांडतो.

आता तो दिवस.

मी साडेसहाला निघालो तेव्हा बाबा गॅलरीत पेपर वाचत होते. ते प्रेसमधून रिटायर झालेले, पहाटे उठायची सवय गेली नव्हती. 'पाऊस आहे, घाटात लेट होईल,' एवढं म्हणाले. बायको शाळेत शिकवते, तिची सकाळची शाळा, ती माझ्या आधीच गेलेली. मुलगी क्लासला. आठ वाजता आईनं त्यांना चहा दिला, तर तो उजव्या कोपऱ्यातून ओघळला. ते काहीतरी बोलले, तिला कळलं नाही. 'पडतो जरा' अशी खूण करून ते आत जाऊन झोपले. आईला वाटलं, रात्री झोप झाली नसेल, पित्त झालं असेल. नऊला उठवलं तर उजवा हात उचलेना.

तिनं मला फोन केला नाही. नऊला मी गाडीत असतो, घाटात रेंज जाते, अर्धवट कळलं तर हा घाबरेल आणि गाडीतून उतरून तरी काय करणार, असा तिनं विचार केला. मी अकराला ऑफिसात पोचतो हे तिला पाठ होतं. अकराला तिचा फोन आला. आवाज शांत होता. म्हणाली, 'पोचलास ना नीट? आता ऐक.'

मी शेजारच्या काकांना फोन लावला. त्यांनी गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा की यांना शेवटचं चांगलं कधी बघितलं? पक्षाघातात मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आई म्हणाली, मुलगा गाडीला निघाला तेव्हा चांगले बोलले. म्हणजे साडेसहा. मधल्या वेळात त्यांच्याशी कुणी बोललंच नव्हतं. सीटी स्कॅन होईस्तोवर साडेबारा वाजून गेले होते, मुदत अकरालाच संपली होती. मी तेव्हा दादरला नाशिकची टॅक्सी भरायची वाट बघत उभा होतो. भिवंडी बायपासला ट्रॅफिक, कसारा घाटात पाऊस. पोचलो तेव्हा पाच होत आले होते. बाबांनी मला ओळखलं. बोलायला गेले आणि शब्दच आला नाही.

आईनं चूक केली असं कुणी म्हणू नका. त्या दिवसानंतर नातेवाइकांतले काही जण तसं सुचवून गेले, त्यांना मी घराबाहेर काढायचा बाकी होतो. मी घरी असतो तर लगेच नेलं असतं का? कदाचित मीही पित्ताची गोळी दिली असती. इंजेक्शन वेळेत मिळूनही सगळे बरे होतात असं नसतं. हे सगळं मला माहीत आहे. पण एक गोष्ट मनातून जात नाही. घरात माणूस पडलाय आणि माझी आई घड्याळाकडे बघत माझ्या ऑफिसची वेळ व्हायची वाट बघतेय. तिला असं थांबायला माझ्या रोजच्या जाण्यायेण्यानंच शिकवलं होतं. मुलीचा ताप, गॅस संपणं, भाडेकरूशी वाद, सगळं रात्री दहापर्यंत थांबायचं, थांबत आलेलं होतं.

मी नोकरी सोडली ती हे बघवेना म्हणून. बाबांच्या सेवेसाठी सोडली म्हणणं खोटं ठरेल. त्यांचा व्यायाम फिजिओथेरपिस्ट घेतात, आंघोळ आई घालते. माझी शुगर वाढलेली होती, झोप पाच तासांवर आली होती, तीही कारणं होतीच. स्वतःसाठी सोडली म्हणालात तरी मी नाकारणार नाही.

आता शिंदे गावाजवळच्या एका छोट्या कारखान्याचे हिशेब बघतो. पगार निम्म्याहून कमी. लोक याला साधी राहणी म्हणतात, काही जण समतोल म्हणतात. महिन्याच्या 11 आणि 20 तारखेला जीएसटीची रिटर्न भरायची असतात, त्या आठवड्यात घरी यायला मला अजूनही नऊ वाजतात. एरवी संध्याकाळी गोदावरीवरच्या दसकच्या घाटापर्यंत चालून येतो, शुगर खाली आली आहे, आणि बाबांनी डाव्या हातानं लिहिलेली अक्षरं त्यांच्याबरोबर बसून लावतो. परवा त्यांनी 'मीठ' लिहिलं. आमटीत खरंच कमी होतं. मला इतका आनंद झाला की मी ते पान ठेवून दिलंय.

पण साधं राहायचं मी ठरवलं आणि काटकसर बायकोच्या वाट्याला आली, हेही तुम्ही ऐकून घ्या. घर आज तिच्या पगारावर चालतं. तिला कुणी विचारत नाही की तुम्ही काय सोडलंत. तिनं डिपार्टमेंटचं प्रमोशन घेतलं, परीक्षांचं जादा काम घेतलं, आणि आता रात्री उशिरापर्यंत ती पेपर तपासत बसते. मी लवकर झोपतो. माझी तब्येत सुधारली ती कुणाच्या झोपेवर, हा प्रश्न मी तिला विचारला होता. ती म्हणाली, 'आधी हे गठ्ठे होऊ दे, मग बोलू.' ते बोलणं अजून झालेलं नाही.

मुलगी यंदा बारावीला आहे, तिला पुण्याला जायचंय. जुन्या ऑफिसातून गेल्या महिन्यात फोन आला होता, आठवड्यातून दोन दिवस येता का म्हणून. बायको म्हणते, जा. आई म्हणते, तुझं तू बघ. बाबांना सांगितलं तर त्यांनी बराच वेळ लावून 'पास' एवढंच लिहिलं. पास काढ म्हणायचं होतं की पास नको, मी दोनदा विचारलं, त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. ऑफिसला मी अजून कळवलेलं नाही.