बिल माझं, ओटीपी यांचा

गणपतीच्या सेलला कपडे घ्यायला गेलो आणि कपड्यांबरोबर क्रेडिट कार्डही घेऊन आलो. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण निम्मी चूक आमच्या घरातली आहे. बिलाच्या रांगेत उभी होते तेव्हा एक मुलगी टॅब घेऊन आली. "मॅम, आपल्या स्टोअरचं कार्ड आहे. पहिल्या खरेदीवर हजाराचं व्हाउचर, पॉइंट डबल." मी शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. सही करायच्या आधी वाचा हो, असं दिवसभर पालकांना सांगत असते. तिथे मात्र उभ्या उभ्या पॅन आणि आधार दाखवून मोकळी झाले.

दुकानाच्या मेंबरशिपला आमच्या ह्यांचा मोबाइल नंबर होता, कारण कधीतरी यांनी तिथून बूट घेतले होते. तोच नंबर फॉर्मात आपोआप आला. ओटीपी यांच्या फोनवर पडला, हे शेजारीच उभे होते, त्यांनी वाचून दाखवला. दोन मिनिटांत काम झालं याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

कार्ड कुरिअरने आलं. पुढे दुकानाचा लोगो ठसठशीत, बँकेचं नाव बारीक अक्षरात. त्या बँकेत माझं खातं नाही, तिची पायरीसुद्धा मी कधी चढले नव्हते. ११ ऑक्टोबरला दिवाळीची खरेदी केली, ₹९,४८०. दुकानाच्या ॲपमध्ये लगेच पॉइंट दिसायला लागले. पॉइंट इथे, म्हणजे बिलही इथेच येणार, असं मी धरून चालले.

नोव्हेंबरच्या शेवटी एकदा जेवताना हे सहज म्हणाले, "हल्ली ते फ्रॉडवाले फार फोन करतात. तुमच्या कार्डाचे पैसे थकलेत म्हणे. माझ्याकडे कुठलंय कार्ड? सगळे ब्लॉक करून टाकले." माझा घास हातातच राहिला.

आधी वाटलं, यांच्या फोनवर आलेल्या मेसेजमधल्या लिंकवर जाऊन बघावं. मग थांबले. थकबाकीच्या नावाने लुबाडणारेही असतातच, तेव्हा यांचा संशय काही चुकीचा नव्हता. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर मीच फोन केला. पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, कार्डावर नाव स्टोअरचं असलं तरी अकाउंट बँकेचं असतं. बिल स्टोअरच्या ॲपमध्ये येत नाही." नंतर मी रिझर्व्ह बँकेचे २०२२चे नियम काढून वाचले. अशा जोडकार्डांमध्ये दुकानाचं काम कार्ड खपवण्याचं आणि सवलती देण्याचं. कार्डावरचे व्यवहार बघायची मुभा दुकानाला नाही. हे त्या टॅबवाल्या मुलीने एका वाक्यात सांगितलं असतं तर!

मग बँकेचं ॲप घेतलं. कार्डाचा नंबर टाकला, जन्मतारीख टाकली, 'ओटीपी पाठवला आहे' असं आलं. पाठवला होता, पण सातपूरला, यांच्या कंपनीत. यांची सेकंड शिफ्ट, फोन कंपनीच्या लॉकरमध्ये आणि ओटीपीचं आयुष्य पाच मिनिटांचं. जेवणाच्या सुट्टीत यांनी फोन करायचा, मी बटण दाबायचं, त्यांनी आकडे सांगायचे, असं ठरलं. पहिल्या दिवशी रेंज नव्हती. दुसऱ्या दिवशी यांनी उत्साहाच्या भरात आदल्या दिवसाचाच ओटीपी वाचला. तिसऱ्या वेळेला आत शिरले.

आत स्टेटमेंट होतं, पण पीडीएफला पासवर्ड. नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माची तारीख-महिना. माझं नाव टाकलं, उघडेना. मोठ्या अक्षरांत टाकलं, उघडेना. शेवटी डोक्यात आलं की आपल्याकडे मतदारयादीपासून शाळेच्या दाखल्यापर्यंत आडनाव पुढे. आडनावाची चार अक्षरं टाकली आणि कुलूप उघडलं.

आकडे असे होते. बिल निघायची तारीख २०, भरायची शेवटची तारीख ९ नोव्हेंबर. ती हुकल्यावर २० नोव्हेंबरच्या बिलात ₹९,४८०च्या खाली तीन ओळी: व्याज ₹४३६, लेट फी ₹७५०, जीएसटी ₹२१३. एकूण ₹१०,८७९. मी म्हटलं, उशीर तर अकरा दिवसांचा, मग व्याज एवढं कसं? उत्तर असं की, शेवटच्या तारखेला पूर्ण बिल भरलं तरच ते बिनव्याजी दिवस मिळतात. नाही भरलं तर व्याज थेट खरेदीच्या दिवसापासून, म्हणजे ११ ऑक्टोबरपासून लागतं. चाळीस दिवस, महिना साडेतीन टक्के. ऐकायला साडेतीन, वर्षाचे बेचाळीस! शिवाय व्याजावर आणि फीवर १८ टक्के जीएसटी वेगळा. तीन दिवसांपर्यंत उशीर झाला तर लेट फी लावता येत नाही, असाही नियम आहे. पण मी त्या सवलतीच्या कधीच पलीकडे गेले होते.

पैसे भरायच्या पानावर तीन गोल होते: एकूण देय, किमान देय, दुसरी रक्कम. खूण आधीच 'किमान देय'वर केलेली, साधारण अठराशे रुपये. घाईत असते तर तेवढेच भरून निश्चिंत झाले असते आणि उरलेल्या नऊ हजारांवर व्याज चालूच राहिलं असतं. किमान भरल्याने फक्त लेट फी टळते, व्याज नाही. २७ तारखेला पूर्ण रक्कम भरली.

पुन्हा कस्टमर केअरला फोन केला. पहिलीच वेळ आहे, मेसेज चुकीच्या नंबरवर जात होते, लेट फी परत करा, असं सांगितलं. व्याजाला त्यांनी हात लावला नाही, पण लेट फी आणि तिच्यावरचा जीएसटी मिळून ₹८८५ परत द्यायचं कबूल केलं. तक्रारीचा नंबर मागून लिहून ठेवला, ती ऑफिसची सवय.

२० डिसेंबरचं बिल आलं: ₹७९५, पुढे 'सीआर'. माझ्या पोटात गोळा. सगळं भरूनही आठशे रुपये? यांना विचारलं तर म्हणाले, "सीआर म्हणजे क्रेडिट कार्ड असेल." शाळेच्या अकाउंटंट बाईंना दाखवलं तेव्हा कळलं की सीआर म्हणजे माझे पैसे त्यांच्याकडे जमा. ₹८८५ आले, त्यातून ₹९० गेले. हे नव्वद कसले, तर २० तारखेला बिल निघाल्यापासून २७ला पैसे भरेपर्यंतच्या सात दिवसांचं व्याज आणि जीएसटी. बिलावरचा आकडा पूर्ण भरला तरी हे शेपूट पुढच्या महिन्यात येतं. बरेच जण इथेच फसत असणार. कार्ड संपलं असं समजून ॲप काढून टाकायचं आणि ही नव्वदची थकबाकी तशीच मागे ठेवायची.

नंबर बदलायला यांची सुट्टी गाठावी लागली. एक ओटीपी जुन्या नंबरवर, एक नव्या. डायनिंग टेबलावर दोन फोन शेजारी शेजारी ठेवले आणि चहा गार होईपर्यंत काम झालं. त्याच बैठकीत माझ्या खात्यातून दर महिन्याला आपोआप पैसे कापले जातील अशी सोय केली, आणि तिथे आठवणीने 'पूर्ण रक्कम' निवडली. परदेशातले व्यवहार बंदच होते, ते तसेच ठेवले. ऑनलाइन खरेदीची मर्यादा पाच हजारांवर आणली.

कार्ड ठेवायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. दुसऱ्या वर्षापासून ₹४९९ फी आहे, हेही मला त्या ॲपमध्येच समजलं. थकबाकी नसेल तर बंद करायचा अर्ज दिल्यावर बँकेला सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर उशिराच्या दर दिवसाला ₹५०० दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा. फीची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली आहे.

परवा साठलेले पॉइंट वापरावेत म्हणून दुकानात गेले. टॉवेल निवडले, काउंटरवर माझा नंबर सांगितला. "मॅम, या नंबरवर मेंबरशिपच नाही." नंबर बदलला तो बँकेने, दुकानाकडे जुनाच होता. "ओटीपी सरांच्या मोबाइलवर गेलाय, विचारता का?" दुपारचे चार वाजले होते. सर सेकंड शिफ्टला.