मागून येणारा ‘ठक्क’

शेवरोले फॉरेस्टर ही गाडी आता किती जणांना आठवत असेल कोण जाणे. जनरल मोटर्सने २००३ च्या सुमारास ती आपल्याकडे आणली. समोर शेवरोलेचं चिन्ह, पण बॉनेट उघडलं की अस्सल जपानी सुबारू: दोन लिटरचं आडवं बॉक्सर इंजिन आणि चारही चाकांना कायम ताकद. सुबारू बनवणाऱ्या फुजी हेवी इंडस्ट्रीजमध्ये तेव्हा जनरल मोटर्सची भागीदारी होती. ती २००५ मध्ये मोडली. पुढे २०१७ सरता सरता शेवरोलेनेही भारतात गाड्या विकणं बंद केलं. ही गाडी सांभाळणारा माणूस असा दोनदा पोरका झालेला असतो. एकाकडे गेला तर तो म्हणतो आमची नाही, दुसरा तर देशातच नाही.

माझं गॅरेज नागपुरात अमरावती रोडवर, वाडीच्या अलीकडे. रोजचं काम स्कॉर्पिओ, इनोव्हा, बोलेरो. त्यात एक निळी फॉरेस्टर कित्येक वर्षांपासून येते. मालक सिंचन खात्यातून निवृत्त झालेले, आम्ही त्यांना साहेबच म्हणतो. यंदा ऐन नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, गाडी आली ती त्यांचा मुलगा घेऊन आला. मुलगा हैदराबादला नोकरीला आहे. आल्या आल्या त्याने डिकीतून एक जड खोकं काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

“भाऊ, क्लच सोडला का मागून ठक्क वाजून राहिलं. डिफरन्शियल हलून राहिला. मी सगळं वाचलं आहे. हा ब्रेस लावून द्या फक्त.”

डिफरन्शियल म्हणजे शाफ्टने आलेली ताकद दोन्ही मागच्या चाकांना वाटणारा गियरचा डबा, आमच्या भाषेत गोळा. ब्रेस म्हणजे तो हलू नये म्हणून लावायचा आधार. खोक्यात लेझरने कापलेली, काळा पावडर कोट मारलेली पोलादी पट्टी होती. दोन भोकं डिफरन्शियलच्या मागच्या झाकणावरच्या स्टडसाठी, आणि दोन टोकं मागच्या क्रॉसमेंबरला, म्हणजे बॉडीखालच्या आडव्या तुळईला, बोल्ट करायला. काम सुबक होतं, वेल्ड एकसारखे. पोराने पैसे वाया घालवले असं पाहताक्षणी तरी वाटलं नाही.

हा गोळा का हलतो, ते आधी सांगतो. बोलेरोसारख्या गाडीत मागचा एक्सल अखंड असतो, त्यामुळे डिफरन्शियल एक्सलसकट हलतो. फॉरेस्टरची मागची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत. तिथे डिफरन्शियल बॉडीखाली रबरी बुशांवर टांगलेला असतो, नाक पुढच्या मेंबरवर, शेपूट मागच्या क्रॉसमेंबरवर. इंजिनची ताकद पहिल्या गियरमध्ये साधारण साडेतीन पट होते, डिफरन्शियलमध्ये पुन्हा चार पटींहून जास्त. ती चाकांना मिळताना तितकाच उलटा पीळ गोळ्याच्या हौजिंगला बसतो. आतलं छोटं गियर, पिनियन, मोठ्या क्राउन गियरवर चढायला बघतं आणि नाक वर उचललं जातं. पाय काढला की नाक खाली. हा वरखालीचा झोका रबराने गिळायचा असतो. रबर मेलं की लोखंड लोखंडावर आपटतं, आणि तोच ‘ठक्क’.

एवढ्यावरून पोराचं म्हणणं पटण्यासारखं होतं. पण ठक्क वाजण्याच्या जागा या गाडीत पुष्कळ. मागे ताकद नेणाऱ्या लांब शाफ्टचे क्रॉस, सेंटर बेअरिंग, ड्राइव्हशाफ्टचे जॉइंट, आणि सुबारूत खास म्हणजे इंजिन-गियरबॉक्स मागे झुकू नये म्हणून वरून लावलेली छोटी दांडी, पिच स्टॉपर. त्याचं रबर वाळलं तरी अगदी असाच आवाज येतो, आणि ऐकणाऱ्याला तो मागून आला असंच वाटतं.

गाडी दोन खांबी लिफ्टवर घेतली. ही गाडी नुसतं मागचं धूड जॅकवर उचलून गियरमध्ये फिरवायची नसते. मॅन्युअल गियरबॉक्समध्ये पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे व्हिस्कस कपलिंग, म्हणजे घट्ट द्रवावर चालणारा जोड, आहे, दोन चाकं जमिनीवर आणि दोन हवेत फिरवली तर ते तापून बाद होतं. चारही चाकं हवेत हवीत. रस्त्याकडेच्या मिस्त्रीला हे सांगणारा कोणी नसतो आणि मग बिल मोठं होतं.

शाफ्ट हाताने पिळून पाहिला, क्रॉस ठीक. सेंटर बेअरिंग ठीक. मग टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, क्रॉसमेंबर आणि गोळ्याच्या मधे घालून हलकेच दाबली. आमच्याकडे आयटीआयची एक मुलगी शिकाऊ म्हणून आहे, तिला टॉर्च धरायला सांगितलं. उजव्या बाजूचं बुश जागच्या जागी दबलं आणि परत आलं. डाव्या बाजूचं रबर आतल्या नळीपासून अर्धवर्तुळात सुटलेलं होतं, इतकं की फटीतून पलीकडचा उजेड दिसत होता. बोटाने खरवडलं तर काळा भुगा. वीस वर्षांचं रबर आणि नागपूरचा उन्हाळा, दुसरं काय होणार? पुढच्या मेंबरच्या बुशालाही तडे होते. पिच स्टॉपरचं रबर तर लाकूड झालेलं.

पोराला खाली बोलावून दाखवलं. तो म्हणाला, “मग ब्रेस लावला की हलणार नाही ना? बुश राहू द्या तसंच.”

“आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला,” मी म्हटलं. फाटलेल्या बुशावर ब्रेस लावला तर गोळ्याचा सगळा भार त्या पट्टीवर आणि दोन स्टडांवर येतो. स्टड बसलेत ते मागच्या झाकणात, आणि ते झाकण असा खेच एकट्याने सोसायला केलेलं नाही. आवाज आठवडाभर बंद होईल, मग झाकणातून तेल पाझरेल. चांगल्या बुशाला ब्रेस मदत करतो, मेलेल्या बुशाच्या जागी उभा राहत नाही.

पर्याय मी त्याच्यासमोर मांडले. मूळ रबरी बुश सगळ्यात शांत, पण बाहेरून मागवावे लागतात. पॉलियुरेथेनचे कडक बुश टिकतात, थोडी गुणगुण आत येते. घन ॲल्युमिनियमचे बुश ट्रॅकच्या गाडीला ठीक, वर्धा रोडवर नको. त्याने चौथा सुचवला, क्रॉसमेंबरला दोन तुकडे वेल्ड मारून टाकायचे. ते मी करत नाही. एक तर वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचं नवं रबरही जळतं. दुसरं म्हणजे जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडीच्या मूळ रचनेत फेरबदल करण्याबाबत कडक निकाल दिला आहे, आणि ज्या गाडीचं दर पाच वर्षांनी आरटीओत पुन्हा पासिंग होतं तिच्या पोटात कापाकापी करून ठेवायची म्हणजे साहेबांना दारात उभं करण्यासारखं. बोल्टने लागतं आणि बोल्टने निघतं एवढंच बसवायचं, हा माझा नियम.

मागे मूळ रबर, पुढे पॉलियुरेथेन असं ठरलं. नाकाची उचल पुढेच जास्त, म्हणून कडकपणा तिथे. पार्सल येईस्तोवर पाऊस लागला.

बसवायच्या दिवशी सकाळीच गाडी चढवली. आधी तेल भरायचं बूच सैल केलं, मग खालचं. उलटं केलं आणि वरचं बूच गंजून अडकलेलं निघालं, तर तेल काढून बसलेला माणूस रिकाम्या गोळ्याकडे बघत राहतो. या गोळ्यात, म्हणजे आर-१६० मध्ये, तेल जेमतेम ०.८ लिटर मावतं. शाफ्टच्या फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या चकतीवर, पांढऱ्या रंगाने खूण केली, जसा निघाला तसाच परत बसावा म्हणून. एक्सल काढले, गोळा जॅकवर घेऊन खाली उतरवला. जुनी बुशं शेजारच्या प्रेसवर निघाली. डावं तर प्रेसचा हात लागताच दोन तुकड्यांत पडलं.

सगळं परत चढवून पहिली चक्कर मी ब्रेसशिवाय मारायला लावली. पोरगा कुरकुरला, पण मी हटलो नाही. दोन बदल एकदम केले तर कुठल्याने काय झालं ते कधीच कळत नाही. हिंगणा रोडच्या सिमेंटवर, जिथे दर सांध्याला आवाज यायचा, तिथे तो पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये पाय दाबत-सोडत गेला आणि आला. ठक्क गेला होता. पूर्ण.

त्याचा चेहरा मात्र पडला. आजार गेला, पण महागडं औषध पुडीतच राहिलं. “तरी लावू या,” तो म्हणाला. गाडी त्याची, पट्टी त्याची, आणि आता बुश ठणठणीत होते, म्हणून मीही नाही म्हटलं नाही.

खरा खेळ इथे सुरू झाला. पट्टी स्टडवर चढवली, नट फिरवला. तो बसलाही. मी पाना उचलणार इतक्यात शिकाऊ मुलगी म्हणाली, “सर, नटाच्या बाहेर आटाच दिसून नाही राहिला.” वाकून पाहिलं तर स्टडचं टोक नटाच्या तोंडाच्या आतच संपत होतं. हा सेल्फ-लॉकिंग नट, त्याची पकड शेवटच्या भागात असते. तिथवर स्टड पोचलाच नाही तर लॉक कसलं? पट्टीची जाडी कारखान्याच्या हिशोबात धरलेली नव्हती, आणि खोक्यात लांब स्टड नव्हते. वॉशर काढला तर चालेल का, असं पोराने विचारलं. नाही. पट्टी घासून पातळ करू? मग ती कशाला लावायची?

इतवारीत लोहा ओळीतून १०.९ ग्रेडचे लांब स्टड आणायला माणूस पाठवला. जुने काढायला दोन नट एकमेकांवर आवळले आणि आतल्या नटाला उलटा पाना लावला. एक सहज आला, दुसऱ्याने घाम काढला. नव्यांना थ्रेडलॉकर लावून बसवलं, आता नटाच्या बाहेर तीन आटे दिसू लागले. मुलीने स्वतः बोट लावून मोजले.

मग भोकं जुळेनात. डावीकडचं टोक किंचित बाजूला. आमचा जुना मिस्त्री टॉमी घेऊन पुढे सरसावला, त्याला थांबवलं. पट्टी ओढूनताणून बसवली की ती गोळ्याला कायम एका बाजूला खेचून धरते, नवं बुश पहिल्या दिवसापासून तिरकं दबतं. गोळ्याचे सगळे बोल्ट पुन्हा सैल केले, जॅकने जरा उचलून गोळा आपल्या जागी बसू दिला. आता पट्टी हाताने सरकली. मग आधी गोळ्याचे, नंतर पट्टीचे, टॉर्क रेंचने आळीपाळीने आवळले आणि प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाची रेघ ओढली. गोळ्यातली हवा बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी दबत नाही ना, सायलेन्सरचा पाइप हलवला तर पट्टीला लागत नाही ना, ते पाहिलं. एक गोष्ट मात्र बघून ठेवली: तेल भरायचं बूच पट्टीच्या बरोबर मागे झाकलं जात होतं. बिलाच्या पाठीवर तसं लिहून दिलं.

शिवमडक्यावरून समृद्धी महामार्गावर थोडं आत जाऊन आलो. फरक होता का? होता. पाय दाबला-सोडला की गाडी लगेच उत्तर देते, मधला तो आळस नाही. पण बहुतेक कमाई बुशांची, पट्टीची त्यावर थोडीशी. एवढ्याशा ताकदीच्या गाडीत यापेक्षा जास्त अपेक्षा धरू नये. किंमत म्हणजे साठ ते ऐंशीच्या मधे मागच्या सीटखालून येणारी बारीक शिट्टी, क्राउन-पिनियनची. ती आधीही होती, रबर ती गिळत होतं. पोरगा खूश. “रेसिंग गाडीसारखं वाटून राहिलं भाऊ.”

पोरगा हैदराबादला गेला आणि गाडी साहेबांच्या हाती आली. पुढे ते तेल बदलायला आले. नटावरच्या पिवळ्या रेघा जागच्या जागी होत्या, कुठे पाझर नाही. बुचापर्यंत पोचायला पट्टी उतरवावी लागली, ७५डब्ल्यू-९० भरलं. पट्टी परत चढवायला घेतली तर साहेब खुर्चीतूनच म्हणाले, “थांब जरा. ती शिट्टी याच्यानंच येते का?”

“हो साहेब.”

“मग आत्ता नको लावू. डिकीत टाक. पोरगा दिवाळीला येते, त्याच्या आधी लावून देजो.”

लांब स्टडवर पट्टीच्या जाडीचे वॉशर घालून नट आवळले, पट्टी जुन्या चादरीत गुंडाळून डिकीत ठेवली, आणि काढायचं-लावायचं लेबर दिवाळीच्या बिलात आत्ताच लिहून टाकलं.