बॉनी रेटचा पहिला अल्बम

दिवसभर पाऊस, म्हणून घरीच होते. अमेरिकन गायिका आणि गिटारवादक बॉनी रेटचा १९७१ चा पहिला अल्बम लावला आणि सलग तीनदा ऐकला.

मिनियापोलिसजवळच्या एका तळ्यातल्या बेटावर, रिकाम्या उन्हाळी शिबिराच्या जागेत, फक्त चार ट्रॅकवर (म्हणजे टेपवर आवाजाचे चारच वेगळे पट्टे) केलेलं रेकॉर्डिंग! सगळे एकत्र बसून वाजवतायत हे लगेच कळतं. ज्युनियर वेल्सच्या हार्मोनिकाने तर अंगावर काटा आला.

बॉनी तेव्हा जेमतेम २१ ची. आणि या मुलीने निवडली सिप्पी वॉलेसची दोन गाणी. १९२० च्या दशकात गाजलेली ही ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) गायिका तोवर बरीचशी विस्मरणात गेलेली. पुढे दोघी एकाच मंचावर गायल्या, हे मला बॉनीच्या १९९० च्या ग्रॅमी पुरस्कारांपेक्षाही मोठं वाटतं. रात्री पुन्हा लावतेय.