हरिहरेश्वर: निळ्या गोळ्याच्या नादी लागू नका

वाटेतल्या एका टपरीवाल्याने कापसासारखा निळा गोळा हातात ठेवला. "दादा, कॅव्हन्साइट, निळं खनिज. इथल्याच कातळात सापडतो, प्रदक्षिणेच्या वाटेवर बघा." 1,200 रुपये म्हणाला, मी दिले. वर शोधायलाही गेलो.

प्रदक्षिणेची वाट मंदिरामागून पायऱ्यांनी चढते आणि दोन कड्यांच्या अरुंद घळीतून थेट समुद्राशी उतरते. खालच्या कातळावर समुद्राच्या खाऱ्या पाण्याने मधाच्या पोळ्यासारखी जाळी कोरली आहे. ती बघायला थांबाल तर गेलात. हिरवं शेवाळ साबणासारखं निसटतं. मी खाली मान घालून निळं काही दिसतंय का बघत होतो, तेवढ्यात भरती चढली. पाणी गुडघ्याला लागलं, परतीची वाट फेसाखाली गेली आणि खडकाला धरून जे चढलो त्यात ढोपर सोलून निघालं. इथे माणसं वाहून गेली आहेत. ओहोटी पुरती लागल्याशिवाय उतरू नका, आणि कालची वेळ आज धरू नका: भरती रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. पावसाळ्यात तर खाली जाऊच नका.

सापडलं काय? बेसॉल्टच्या, म्हणजे इथल्या काळ्या कातळाच्या, पोकळ्यांत चार पांढऱ्या गारगोट्या. निळं काही नाही, आणि ते नसणारच होतं. कॅव्हन्साइट जगात मोजक्या ठिकाणी मिळतो. आधी अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये सापडला, 1973 साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. आपल्याकडचा नावाजलेला माल येतो तो घाटावरून, पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतून. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन या तिघांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलं, निळा रंग व्हॅनेडियमचा. खरा कॅव्हन्साइट म्हणजे स्टिल्बाइट या पांढऱ्या खनिजावर बसलेली टोकदार स्फटिकांची छोटी निळी फुलं. केसाळ कधीच नसतो.

लॉजवर येऊन ओला बोळा फिरवला, बोळा निळा. गोळा निघाला ओकेनाइट, दुसरंच खनिज, शाईत बुडवलेलं. तोही सिलिकेटच, म्हणजे सिलिकॉनचं खनिज, आपल्याच दख्खनी बेसॉल्टचा, मुंबईच्या जुन्या खाणींतून भरपूर निघालेला. पण निसर्गात तो पांढरा असतो. केसासारखे तंतू बोटाने दाबले की चपटे होतात ते कायमचे. म्हणून घ्यायचाच तर पांढरा घ्या, हात न लावता अंड्यांच्या खोक्यात घाला, धुवू नका. निळा, गुलाबी, हिरवा केसाळ गोळा दिसला की पुढे चालू लागा.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून फेरीने वेसवी, पुढे वेळास, केळशी. मजेत गेला, त्यावर काय लिहायचं.

परतीच्या वाटेवर टपरी बंद होती. पावती मी घेतली नव्हती, तुम्ही घ्या.