तक्रार असेल त्यानं टाळ वाजवत राहावं

वारीला निघालो म्हटल्यावर ऑफिसात बहुतेकांनी एकच ऐकवलं, ‘मस्त, डोक्याला आराम!’ आराम कसला? आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर चालायचं, तेही आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरनं तोंडात बोट घालावं अशा वेळापत्रकानं. पहाटे अंधारात टँकरपाशी रांग, आंघोळ, ओल्या राहुट्या गुंडाळून ट्रकवर, की लगेच चाल सुरू. दुपारी विसावा, संध्याकाळी तळ, रात्री कीर्तन. रिकामा वेळ म्हणाल तर पाय चोळण्यापुरता. गर्दीत मोबाईलची रेंजही जाते.

आणि तरी पुण्याहून सासवडला जाताना, दिवे घाटात, दम लागलेला असताना डोकं मात्र कमालीचं मोकळं वाटत होतं. कारण शोधलं तर फार साधं निघालं. आदल्या रात्रीपासून मी काहीच ठरवलं नव्हतं. कुठं थांबायचं, काय खायचं, कुणाच्या शेजारून चालायचं, सगळं आधीच ठरलेलं. माउलींच्या रथापुढे 27 दिंड्या, बाकीच्या मागे, प्रत्येकीचा क्रमांक नेमलेला. दिंडीतही पताका पुढे, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, तुळस घेतलेल्या बाया. ही शिस्त बसवली हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकात. ते शिंद्यांच्या दरबारातले सरदार, त्यामुळे सोहळ्याला लष्करी घडी आहे. माझं काम एवढंच, रांगेतली जागा सोडायची नाही आणि टाळ चुकवायचा नाही. मला कामाचा शीण नव्हताच बहुधा, दिवसभर बारीकसारीक निर्णय घेण्याचा होता.

आमच्या दिंडीत एक आजी होत्या, पेरणी अर्धी टाकून आलेल्या. पावसाचा पत्ता नव्हता. मी विचारलं, ‘आजी, घरचं डोक्यात येत नाही का?’

‘येतंय की. आलं तर चालू दे माझ्यासंगं. त्याला काय हाकलायचंय, माउली?’

मनातले विचार घालवायचे असतात, असं मी कितीतरी ठिकाणी ऐकलं होतं. आजींनी त्यांना सरळ दिंडीत घेतलं होतं.

पण मला सगळ्यात जास्त आवडली ती तळावरची समाजआरती. दिवसाची चाल संपवून सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोळा होतात. हजारो टाळ एकाच वेळी, शेजारच्याचा शब्द ऐकू येत नाही. मग चोपदार दंड उंचावतात आणि क्षणात सगळं थांबतं. ज्या दिंडीची तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवत राहते. एवढ्या शांततेत तो टाळ लपत नाही. चोपदार तिथं जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात, मग तोही थांबतो. मागोमाग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची यादी, उद्या पालखी किती वाजता हलणार ते, आणि आरती. इथं तक्रार दाबून शांतता मिळवत नाहीत, आधी तिची विचारपूस होते. आमच्या मीटिंगांमध्ये हे का होत नाही, असा विचार तिथंही आलाच. आजींचं ऐकून त्यालाही चालू दिलं.

परत आल्यावर ते मोकळेपण फार टिकलं नाही. ट्रॅफिक तोच, ईमेल तेच. वारीहून माणूस बदलून येतो वगैरे माझ्याबाबतीत तरी झालं नाही. एक सवय तेवढी उचलली. रात्री जेवणं झाली की घरातले सगळे एकत्र बसतो. आधी तक्रारी, मग काय हरवलंय, मग उद्या कोण किती वाजता निघणार. एकदा ठरलं की सकाळपर्यंत त्यावर चर्चा नाही. धाकटा तक्रार असली की ताटली वाजवत राहतो, आणि चोपदार कोण, यावर बायकोचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.