मारेंची खाचेची चकती: एकाच फ्रेमवर चालणारा माणूस (टप्पा २)

धावत्या घोड्याचे फोटो काढणाऱ्या मायब्रिजच्या ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांपेक्षा फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांची हालचाल टिपण्याची युक्ती घरी करून बघायला परवडते: कॅमेरा एक, भिंगापुढे फिरणारी चकती, आणि सगळ्या प्रतिमा फोटोच्या एकाच काचेवर. १८८२ मध्ये पॅरिसमध्ये त्यांनी हे सुरू केलं. पुढच्याच वर्षी माणसाला काळे कपडे घालून हातापायांवर फक्त पांढऱ्या रेघा ठेवल्या. आपली बांधणी या दुसऱ्या प्रकारची.

चकती: ३० सेमी व्यास, ३ मिमी एमडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंचा फळा), दोन्ही बाजूंनी मॅट काळा रंग. केंद्रापासून ११ सेमीवर १८ अंशांची एकच खाच, म्हणजे तिथे रुंदी साधारण ३.५ सेमी. १२ व्होल्टची गिअर मोटर, ६०० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या). सेकंदाला १० प्रतिमा, प्रत्येकी १/२०० सेकंद. ५० मिमी भिंग एफ/४ वर (म्हणजे छिद्र भिंगाच्या ५० मिमीच्या चौथ्या हिश्श्याइतकं), शटर २ सेकंद उघडं. खाचेची बाजू हलकी पडते, त्यामुळे चकती थरथरते आणि ट्रायपॉडही हलतो. चकती मोकळ्या आसावर लावून बघा: खाच दर वेळी वर येऊन थांबत असेल तर तिच्या दोन्ही कडांना काळी पट्टी चिकटवत जायचं, कुठेही सोडली तरी तिथेच थांबेपर्यंत. आणि चकतीला जाळी हवीच.

खरी अडचण पार्श्वभूमीची. अंगावरची पट्टी एका जागी एकदाच उजळते, मागचा पडदा मात्र वीसही वेळा. पांढरी पट्टी ८० टक्के प्रकाश परत पाठवते आणि काळं सुती कापड ४ टक्के धरलं, तर वीस वेळांत हिशेब बरोबरीत! पट्टीच्या जागीही उरलेल्या वेळी पडदा उमटतोच, त्यामुळे पट्टी पडद्याच्या जेमतेम दुप्पट उजळ, म्हणजे फिकीच दिसणार. मारेंनी आत खोल, काळ्या मखमलीची शेड उगाच नव्हती बांधली. आपल्याकडे उपाय दोन: पडदा मागे न्या, त्यावर उजेड पडू देऊ नका, आणि साध्या पट्टीऐवजी रिफ्लेक्टिव्ह टेप (उजेड आला त्याच दिशेने परत पाठवणारी) लावून दिवा भिंगाला अगदी खेटून ठेवा. दिवा फूटभर बाजूला गेला की टेप विझल्यासारखी दिसते.

दिवा बॅटरीवरचाच. मेन्सवरचे बरेच एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. ५ मिलिसेकंदांच्या खाचेला कधी उजेड मिळतो, कधी निम्माच.

टेप फक्त कॅमेऱ्याकडच्या हातापायांना. कपडे घट्ट हवेत, सैल पँटवर गुडघ्यावरचा टेपचा ठिपका सरकतो. झुलणारं पाऊल ४ मीटर प्रतिसेकंद गाठतं, म्हणजे ठिपका २ सेमी ओढला जाणार. टेकलेलं पाऊल एकाच जागी सहा-सात वेळा उमटून भगभगीत होतं, म्हणून घोट्याची टेप अरुंद ठेवा.

वेळ तपासायला मारे चौकटीतच काट्याची तबकडी ठेवत. आपल्याला रेकॉर्ड प्लेअर पुरतो: मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगावर फिरणारी पांढरी रेघ, वर ४५ अंशांत आरसा. दोन रेघांत बरोबर २० अंश आले पाहिजेत. अंतर कमी-जास्त दिसलं तर मोटरला नियंत्रित व्होल्टेज द्या. अठराव्या रेघेनंतर फेरी पूर्ण होऊन पहिल्यावरच रेघ चढते, ते गृहीत धरा.

पुढचा बेत पाच खाचांचा, एक रुंद, म्हणजे दर पाचवी प्रतिमा उजळ येऊन मोजणं सोपं. १२० आरपीएमला बाकीची प्रत्येक खाच ३.६ अंशांची, ११ सेमीवर जेमतेम ७ मिमी. एफ/४ चं छिद्र १२.५ मिमी, म्हणजे अशा खाचेतून ते कधीच पूर्ण उघडं पडत नाही. ३.५ सेमीची खाच हवी तर चकती सव्वा मीटरच्या आसपास जाते. त्यापेक्षा एफ/११ बरं, प्रकाश आठपट लागला तरी.