एका पीसीला दोन नेट

पावसाळा आला की आमच्या गल्लीतली फायबरची वायर कुठेतरी तुटतेच. खांबांवरून, झाडांच्या फांद्यांतून आलेली ती. मॉडेमवर एलओएसचा (म्हणजे सिग्नल गेल्याचा) दिवा लाल झाला की लाइनमन येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं. माझं काम घरून चालतं, म्हणून सिमकार्डचा एक फोरजी राउटर आणला. पीसीला केबलचं लॅन होतंच, त्यात यूएसबीचा वायफाय अ‍ॅडॉप्टर खोचला. केबलवर फायबर, वायफायवर फोरजी.

पहिला गोंधळ पत्त्यांचा झाला. दोन्ही डबे १९२.१६८.१.१ याच पत्त्यावर बसलेले, आणि पीसीलाही दोघांकडून त्याच मालिकेतले पत्ते मिळत होते. फोरजीचं सेटिंग उघडायला जावं तर समोर फायबरच्या मॉडेमचं लॉगिन हजर! मग केबल काढली, फोरजी राउटरचा लॅन पत्ता बदलून १९२.१६८.८.१ केला, तो रीस्टार्ट झाल्यावर केबल परत लावली. दोन अ‍ॅडॉप्टर लावायचे असतील तर दोन्हीकडचे सबनेट, म्हणजे पत्त्यांच्या मालिका, वेगळे करून घ्या, बाकीचं सगळं त्यानंतर.

तरीही वायर तुटली की पीसीचं नेट बंदच. त्याच फोरजीवर मोबाइलचं नेट मस्त चाललेलं आणि पीसी ढिम्म. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'रूट प्रिंट' मारलं, म्हणजे पीसीच्या रस्त्यांची यादी काढली, तेव्हा उलगडा झाला. यादीच्या सुरुवातीलाच ०.०.०.० च्या दोन ओळी, म्हणजे बाहेर पडायचे दोन रस्ते. शेवटच्या रकान्यात मेट्रिक, म्हणजे रस्त्याच्या पसंतीचा आकडा: केबलला २५, वायफायला ५०. ज्याचा आकडा कमी, तो रस्ता आधी. हा आकडा विंडोज लिंकच्या वेगावरून आपणच ठरवतं, आणि लिंक म्हणजे फक्त पीसी ते मॉडेम एवढाच तुकडा. बाहेर खांबावर वायर लोंबकळत असली तरी टेबलाखालची गिगाबिट केबल ठणठणीत असते. विंडोजच्या लेखी मग सगळं आलबेल.

केबल उपटली तर नेट चालतं, पण आमचा प्रिंटर फायबरच्या मॉडेमला जोडलेला आहे, तो बंद पडतो. म्हणून वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही४ च्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये जाऊन 'ऑटोमॅटिक मेट्रिक'ची खूण काढली आणि तिथे १० टाकले. आयपीव्ही६ लाही तेच (ही दोन इंटरनेट पत्त्यांची जुनी आणि नवी पद्धत). आता बाहेरचं सगळं फोरजीवरून, आणि प्रिंटर मात्र केबलवरूनच, कारण घरातल्या मालिकेसाठी त्या यादीत केबलची वेगळी, थेट ओळ असते. दरवेळी एवढ्या खिडक्या कोण उघडणार, म्हणून मेट्रिक बदलणाऱ्या नेटशेलच्या (विंडोजच्या नेटवर्क सेटिंगच्या) कमांड टाकून डेस्कटॉपवर दोन बॅच फाइल, म्हणजे डबल क्लिकवर चालणाऱ्या कमांडच्या फाइल, ठेवल्यात, 'फायबर' आणि 'फोरजी'. त्या 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'नेच चालवाव्या लागतात.

चालू मीटिंग मात्र या अदलाबदलीत तुटते. ऑफिसचं व्हीपीएनही (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) पुन्हा जोडावं लागतं, कारण बाहेरून दिसणारा आपला पत्ताच बदललेला असतो.

"बाबा, मग आता स्पीड डबल का?" हा चिरंजीवांचा प्रश्न. नाही. एक डाउनलोड एकाच रस्त्याने जातं, दुसरा रस्ता तेव्हा नुसता उभा असतो. त्याची निराशा झाली, पण मला स्पीड वाढवायचा नव्हताच. आणि एक, वायफायला 'मीटर्ड कनेक्शन', म्हणजे मोजून डेटा मिळणारं नेट, असं सेट करायला विसरू नका. नाहीतर फायबर बंद असलेल्या दिवशीच विंडोजला अपडेट आठवतात आणि दुपारपर्यंत सिमचा डेटा संपतो.